जाळी धरेपर्यंत

दिवेलागणीला शिराळ्याचा मांडव पिवळा होतो. दिवसभर मिटून राहिलेल्या कळ्या पाचच्या सुमाराला उलगडायला लागतात आणि अंधार पडेपर्यंत सगळा मांडव फुललेला असतो. शेजारी घोसाळ्याचा वेल असेल तर तो या वेळी स्वस्थ असतो. त्याची फुलं उमलतात पहाटे, तांबडं फुटायच्याही आधी, आणि उजाडता उजाडता मधमाश्या नि मोठे काळे भुंगे त्यांच्यावर तुटून पडतात. शिराळ्याकडे येतात ते संध्याकाळचे पतंग आणि उशिरापर्यंत फिरणाऱ्या माश्या. वेळा वेगळ्या, पाहुणेही बरेचसे वेगळे, त्यामुळे एकाचा पराग दुसऱ्यावर सहसा जात नाही. एकाच कुंपणावर दोन्ही वेल चढवले तरी पुढच्या वर्षी घोसाळ्याच्या बीतून घोसाळं आणि शिराळ्याच्या बीतून शिराळंच निघतं ते बऱ्याच अंशी यामुळे.

देशावर ज्याला दोडका म्हणतात ते कोकणातलं शिराळं; कंगोरे असलेलं, सोलताना शिरा निघणारं. घोसाळं गुळगुळीत, अंगावर फिकट-गडद हिरव्या रेघा असलेलं. खानदेशात आणि नाशिककडे त्याला गिलकं म्हणतात आणि तिथल्या बाजारात त्याला मान आहे. मुंबई-पुण्याच्या भाजीवाल्याकडे मात्र ते बहुधा कोपऱ्यातल्या टोपलीत असतं. भजीपुरतं घेतलं जातं, गौरी-गणपतीच्या आसपास थोडं जास्त खपतं, मग लोक विसरतात. मला या वेलाविषयी लिहायचं आहे ते भजीच्या पुढचं. वेलावर विसरून राहिलेलं, जून झालेलं, कोणी न खाल्लेलं घोसाळं आतून जे बनतं, त्यासाठी आपल्याकडे उत्तम हवा, उत्तम ऋतू आहे, आणि तरीही आपण ती वस्तू प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली विकत आणतो.

वसईच्या एका वाडीत मांडवाखालून फिरताना एका लांब घोसाळ्याच्या देठाला लाल सुती दोरा बांधलेला दिसला. वाडीच्या मालकीणबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "तो बियाचा. दोरा बांधला की तोडणाऱ्या पोरी हात लावत नाहीत." असे दोन-तीन दोरे होते. बी काढून झालं की उरलेला चोथा त्यांच्या न्हाणीत जातो, भांडी घासायला मोरीवर जातो आणि अगदी पिंजून गेला की केळीच्या बुंध्याशी. त्यांना त्यात सांगण्यासारखं काही वाटत नव्हतं. भाजीच्या हिशेबात तो चोथा धरलेलाच नव्हता.

घोसाळ्याची लागवड सोपी आहे, पण सुरुवातीला थोडी नड आहे. बी काळं, चपटं आणि टणक कवचाचं. तसंच मातीत टोचलं तर कधी आठवड्यात उगवतं, कधी पंधरवडा घेतं, कधी कुजून जातं. रात्रभर कोमट पाण्यात भिजवून ओल्या फडक्यात बांधून ठेवलं तर मोड लवकर येतो. माती उबदार हवी. पंचवीस-तीस अंशांचं तापमान बियाला आवडतं. आपल्याकडे जूनमधल्या पहिल्या चांगल्या पावसानंतर ते आपोआप मिळतं. उन्हाळी पीक घ्यायचं असेल तर थंडी ओसरली की, जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत. आळ्यात दोन-तीन बिया टोचायच्या, जोमाचं एक रोप ठेवायचं, दोन वेलांत निदान पाच-सहा फुटांचं अंतर. मातीत कुजलेलं शेणखत भरपूर असावं, पण वेल वाढीला लागल्यावर युरिया ओतत बसू नये. नत्र जास्त झालं की मांडव पानांनी भरतो आणि फुलं रुसतात.

मांडवाकडे मात्र कंजूषपणा नको. घोसाळ्याचा वेल तीस फूट सहज जातो. पानं वीतभर पसरतात, पावसात भिजली की त्यांचं वजन वाढतं आणि खाली फळं लोंबायला लागली की चार काटक्यांचा आधार एका वादळी रात्रीत भुईसपाट होतो. सहा-साडेसहा फूट उंचीचा, बांबू नि तारेचा मांडव उत्तम. वरून लोंबणारं फळ सरळ वाढतं. जमिनीवर टेकलेलं वाकतं, टेकलेल्या बाजूने पिवळं पडतं नि सडतं. गच्चीवर लावायचं तर रंगाच्या वीस लिटरच्या डब्यात भाजीपुरता वेल येतो. जाळीसाठी लावायचा असेल तर पन्नास लिटरचा पिंप तरी हवाच, कारण फळ वेलावर महिनोन्‌महिने राहणार, आणि तेवढे दिवस मुळांना तोल सांभाळता आला पाहिजे.

आता फुलांची गंमत. घोसाळ्यात नर आणि मादी फुलं वेगळी, पण एकाच वेलावर, कित्येकदा एकाच पानाच्या बेचक्यात. नर फुलं घोसाने येतात, एका दांड्यावर पंधरा-वीस, रोज एखाद-दुसरं उमलतं आणि गळून जातं. मादी फूल एकटं येतं. त्याच्या मागे बोटाच्या पेराएवढं बाळफळ आधीच लटकलेलं असतं. आधी आठ-पंधरा दिवस नुसती नर फुलंच येतात. नव्याने बाग करणारे याच टप्प्यावर हवालदिल होतात. जमिनीवर पिवळ्या फुलांचा सडा पडतो, फळ एकही नाही, आणि कोणीतरी सांगतं की वेल वांझ आहे. वेल वांझ नसतो. मोठा दिवस आणि उकाडा असला की तो नर फुलांकडे झुकतो. दिवस आखडायला लागला, रात्री गारवा आला की मादी फुलं वाढतात. आपल्या जूनच्या वेलावर श्रावण-भाद्रपदात फळांची रीघ लागते त्यामागे वाढलेलं वय आहे तसा हा आखडणारा दिवसही आहे. उत्तरेकडे बिहार-उत्तर प्रदेशात 'सतपुतिया' नावाचा दोडक्याचा भाईबंद आहे. त्याने हा प्रश्न मुळातच सोडवला आहे. त्याची फुलं उभयलिंगी असतात आणि छोटी फळं झुबक्यांनी धरतात.

वेलावर काळ्या मुंग्यांची ये-जा दिसली की आपला हात औषधाच्या फवाऱ्याकडे जातो. तो आवरावा. घोसाळ्याच्या वेलाला फुलांबाहेरही मधाच्या ग्रंथी असतात. फुलाजवळच्या छदांवर आणि पानांवर त्या बारीक ठिपक्यांसारख्या दिसतात आणि त्यांतून गोड रस पाझरतो. मुंग्या त्यासाठी येतात. बनारस हिंदू विद्यापीठातल्या संशोधकांनी घोसाळ्याच्याच वेलावर याचा अभ्यास केला आहे, आणि मुंग्यांच्या वावरामुळे तांबडे भुंगेरे पानं खायला बिचकतात असं त्यांना दिसलं. तांबडे भुंगेरे कोवळ्या रोपाचे मोठे वैरी. दोन-चार पानांच्या रोपाची ते चाळण करून टाकतात. वेल साखर खर्चून राखणदार ठेवतो, आणि आपण ते राखणदार मारायला निघतो.

फळमाशीवर मुंग्यांचा इलाज चालत नाही. ती कोवळ्या फळाच्या सालीत अंडी घालते, आतल्या अळ्या गर खातात, फळ वाकडं होतं, डिंक येतो, सडतं. परसबागेत यावर सगळ्यात साधा उपाय म्हणजे फळ बोटाएवढं असतानाच त्यावर कागदी पिशवी चढवणं, आणि किडकं फळ वेलाखाली पडू न देता उचलून नष्ट करणं. क्यू-ल्युर या आमिषाचे सापळे लावले तर नर माश्या अडकतात. जाळीसाठी ठेवलेल्या फळाला तर पिशवी हवीच. पहिले पंधरा-वीस दिवस निभावले, साल कणखर झाली की माशीचा धोका पुष्कळ कमी होतो.

खाण्यासाठी घोसाळं आठवडाभराचं असताना काढावं. नखाने टोचलं तर नख सहज रुतलं पाहिजे. चकत्या करून बेसनात घोळवून तळलेली भजी सगळ्यांना ठाऊक आहेत. तळताना गर विरघळल्यासारखा होतो आणि वरचं आवरण तेवढं कुरकुरीत राहतं. माझं मत विचाराल तर घोसाळ्याचं खरं सुख भरितात आहे: वाफवून किंवा निखाऱ्यावर भाजून, दही घालून, वरून हिंग-मोहरीची फोडणी आणि हिरवी मिरची. खानदेशात दाण्याचा कूट घालून गिलक्याची भाजी करतात तीही तोडीची. शिजवण्याआधी कच्चा तुकडा जिभेवर ठेवून पाहावा. कडू लागला तर अख्खं फळ टाकून द्यावं, मसाल्याने कडवटपणा झाकू नये. काकडीच्या कुळातल्या फळांत कधी कधी उतरणारी ती कडू द्रव्यं पोटाला खरोखर घातक असतात.

मग तोडायचं राहून गेलेल्या फळाचं काय होतं? दहा-बारा दिवसांत गरात धागे जाणवायला लागतात. घरात म्हणतात, "जाळी धरली." हे धागे म्हणजे फळाच्या आतल्या रसवाहिन्या. कोवळेपणी त्यांच्यातून बियांना पाणी आणि अन्न पोचतं. फळ जून होऊ लागलं की त्यांच्या भिंती जाड होतात, लाकडासारख्या कडक होतात आणि एकमेकींत गुंतत जातात. तयार जाळीत साधारण ६० टक्के सेल्युलोज आणि १० टक्क्यांच्या आसपास लिग्निन असतं. बाहेरच्या बाजूला आडवे धागे, आत उभे, मध्ये बियांसाठी तीन पोकळ्या. वजन नगण्य, पण पाण्यात बुडवली की जाळी फुगते, दाबली की दबते आणि सोडली की पुन्हा मूळ आकाराला येते. शेवटी फळाच्या टोकाला एक गोल झाकण सुटतं आणि फळ वाऱ्यावर हललं की तिथून बिया खाली सांडतात. धाग्यांची ही सगळी उठाठेव त्या बियांसाठी असते.

जाळीसाठी वेल लावणं ही भाजीपेक्षा वेगळी शेती आहे. बी टोचल्यापासून जाळी हाती येईपर्यंत पाच-सहा महिने जातात. फळ वेलावर जून होऊ दिलं की वेलाची शक्ती तिकडे वळते आणि नवी फळं कमी होतात, म्हणून आधी ठरवावं लागतं. माझा सल्ला असा: श्रावणातली सगळी फळं खाऊन टाकावीत. भाद्रपदात धरलेल्यांपैकी पाच-सहा सरळ, निरोगी, मांडवाच्या उन्हाच्या बाजूची फळं दोरा बांधून ठेवावीत आणि त्यानंतरच्या मादी कळ्या खुडत जावं. याला कारण परतीचा पाऊस. फार लवकर ठेवलेलं फळ सप्टेंबरअखेर पिवळं पडतं आणि नेमक्या त्या वेळी पाऊस धरला तर सालीखाली बुरशी शिरते, जाळीवर काळे डाग पडतात. थोडं उशिरा ठेवलेलं फळ ऑक्टोबरच्या उन्हात पिकतं. त्या उकाड्याला आपण कंटाळतो, पण घोसाळ्याला तो मानवतो.

साल हिरव्याची पिवळी, पिवळ्याची तपकिरी होते, फळ हाताला हलकं लागतं, हलवलं की आत बिया खुळखुळतात. पिवळेपणी काढलं तर जाळी मऊ आणि पांढरी मिळते, अंगाला लावायला चांगली. पूर्ण वाळल्यावर काढलं तर राठ, भांड्यांना चांगली. टोकाचं झाकण काढून बिया झटकून घ्याव्यात, फळ रात्रभर पाण्यात भिजवावं, सकाळी साल हाताने सुटते. मग पिळून पिळून धुवावं. सुरुवातीला साबणासारखा फेस येतो, तो येईनासा झाला की कडक उन्हात वाळवावं. जूनमध्ये लावलेल्या वेलाची पहिली जाळी नेमकी अभ्यंगस्नानाच्या सुमाराला तयार होते. उटणं लावायला याहून योग्य वस्तू मला माहीत नाही.

हे जे आपल्याकडे कुंपणावर होतं, त्यासाठी थंड देशांतल्या लोकांना काचघर लागतं. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या एका मराठी ताईंनी व्हिडिओ कॉलवर त्यांचा वेल दाखवला. मार्चअखेर घरातल्या गरम गादीवर, म्हणजे रोपांच्या ट्रेखाली ठेवायच्या विजेच्या चटईवर, बी रुजवलं. मेअखेरपर्यंत रोप खिडकीत. जूनमध्ये ते काचघरातल्या मोठ्या कुंडीत गेलं आणि छतापर्यंत चढून परत खाली वळलं. "पण पोरगा नुसता फुलतोय," त्या म्हणाल्या, "फळ धरायचं नावच नाही." इंग्लंडमधला जूनचा दिवस सोळा तासांचा. तेवढ्या उजेडात नर फुलांचाच जोर. मादी फुलं ऑगस्टमध्ये आली तेव्हा काचघरात मधमाश्या फिरकत नव्हत्या, म्हणून ताई सकाळी लवकर उठून नर फूल तोडतात, पाकळ्या मागे सारतात आणि पुंकेसर मादी फुलाच्या मध्यावर हलकेच टेकवतात. पुढे शर्यत असते थंडीशी. घोसाळ्याला हिवाचा एक तडाखा पुरे होतो. दहिवर गोठलं की वेल एका रात्रीत काळा पडतो. तोपर्यंत फळं पिवळी तरी झाली पाहिजेत, मग घरात शेगडीजवळ वाळवता येतात.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठाच्या जीनीन डेव्हिस यांनी १९९० च्या दशकात हे पीक शेतकऱ्यांच्या पातळीवर तपासलं. त्यांच्या कामाचा रोख साधा आहे: ऋतू तोकडा असेल तर बी थेट न पेरता रोपं आधी वाढवा, मजबूत ताटी उभारा, फळ जमिनीला टेकू देऊ नका. आपल्या वाडीतली बाई हेच करते, फक्त तिला हिवाळ्याशी झगडावं लागत नाही.

आपल्याकडच्या पॉलिहाऊसवाल्यांनी मला विचारलं की हे आत घेता येईल का. येईल, पण त्यात अडचण आहे. पॉलिहाऊसमध्ये काकडीचे जे वाण लावतात ते परागीकरणाशिवाय फळ धरतात. घोसाळं तसं नाही. कीटक बाहेर ठेवणाऱ्या जाळीने मधमाशीही बाहेर राहते, आणि रोज पहाटे मजूर लावून हाताने परागीकरण करणं भाजीच्या भावात परवडत नाही. महाराष्ट्राच्या बहुतेक भागात या वेलाला छताची गरजच नाही. त्याला हवा आहे तो उघडा मांडव आणि आसपास भुंगे टिकतील अशी बाग.

जाळीचं मोल जपानने लवकर ओळखलं. तिथे या वेलाला हेचिमा म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून शिझुओका भागातून त्याच्या जाळ्या परदेशी जाऊ लागल्या. दुसऱ्या महायुद्धाआधी अमेरिकी आरमार जहाजांच्या बाष्पयंत्रांत आणि डिझेल इंजिनांत गाळण्या म्हणून त्या वापरत असे. युद्धात जपानचा पुरवठा तुटला आणि पर्यायांची शोधाशोध सुरू झाली. जपानी घरांत मात्र हेचिमाचं दुसरंच काम होतं. शरद ऋतूत वेल जमिनीपासून दोन-एक फुटांवर कापून देठ बाटलीत सोडला की मुळं वर चढवत असलेलं पाणी बाटलीत ठिबकत राहतं. हे पाणी चेहऱ्याला लावत, आणि कफ सुटावा म्हणून पीतही. शिरीष पै यांच्यामुळे मराठी वाचकाला हायकू ओळखीचा झाला. त्या हायकूला आधुनिक रूप देणारा मासाओका शिकी क्षयाने अंथरुणाला खिळला होता तेव्हा त्याच्या टोकियोतल्या खोलीसमोर हेचिमाचा मांडव होता. १९ सप्टेंबर १९०२ रोजी, पस्तिशी गाठण्याआधीच तो गेला. आदल्या दिवशी त्याने लिहिलेल्या शेवटच्या तिन्ही हायकूंत हेचिमा आहे, आणि जपानमध्ये त्याची पुण्यतिथी या वेलाच्या नावाने पाळतात. ते घर पुन्हा बांधून जपलं आहे आणि तिथे आजही हेचिमा लावतात.

पॅराग्वेमध्ये एल्सा साल्दीवार यांनी कागुआसू भागातल्या गरीब स्त्रियांना हा वेल लावायला उभं केलं. चांगल्या जाळ्यांच्या घासण्या, चपलांचे तळ, चटया झाल्या. राहिले तुकडे आणि डागाळलेला माल. पेद्रो पाद्रोस या अभियंत्याच्या मदतीने त्यांनी हा टाकाऊ भाग कचऱ्यातल्या प्लास्टिकमध्ये मिसळून घराच्या भिंती-छपरांसाठी हलके तक्ते बनवले. २००८ साली त्यांना या कामासाठी रोलेक्स पुरस्कार मिळाला. मला त्या तक्त्यांइतकंच हेही मोठं वाटतं की अंगणातल्या वेलाचे पैसे त्या बायकांच्या स्वतःच्या हातात आले.

आपल्या बाजारात आज घासणी म्हणजे हिरवी नायलॉनची चकती किंवा पिवळा फोम. रोज घासताना त्यांचे बारीक कण सुटतात आणि मोरीवाटे नदीत जातात. घोसाळ्याची जाळी झिजते तेव्हा तिचा कचरा मातीत कुजतो. तिच्या बाबतीत एक काळजी घ्यावी लागते. १९९४ साली न्यूयॉर्कमधल्या वैद्यकीय संशोधकांनी दाखवून दिलं की सतत ओली राहिलेली जाळी त्वचेला बाधणाऱ्या जिवाणूंचं घर बनू शकते. म्हणून न्हाणीच्या ओल्या कोपऱ्यात ती लोंबत ठेवू नये. वापरून झाली की पिळून उन्हात टाकावी आणि महिन्याभराने नवी घ्यावी. वर्षाला दहा-बारा जाळ्या म्हणजे जाळीसाठी राखलेले दोन वेल. एवढ्याने एका घराचं भागतं, आणि त्याच दोन वेलांवर श्रावणभर भजी नि भरीत होतं.

बियांचंही सांगायला हवं. एका जून फळात शंभरच्या आसपास बिया सहज निघतात. संकरित वाणाचं बी पुढच्या वर्षी तसंच येईल याची खात्री नसते. म्हणून गावठी किंवा सरळ वाणाचं, 'पुसा चिकणी'सारखं, बी धरावं. पाण्यात टाकून तरंगणाऱ्या पोचट बिया काढून टाकाव्यात, बुडालेल्या सावलीत सुकवाव्यात आणि राखेत घोळवून कोरड्या बरणीत भराव्यात. तीन-चार वर्षं उगवण टिकते. वसईच्या त्या मालकीणबाईंनी कागदाच्या पुडीत मला बिया बांधून दिल्या, आणि पुडीवर पेन्सिलीने लिहून दिलं: लांब, गोड, जूनमध्ये. पुढच्या वर्षी कोणी मागायला आलं तर नाही म्हणू नका, एवढी एकच अट त्यांनी घातली.